सर्व्हो मोटरच्या शाफ्टवर हातोडी नको: कपलिंग आणि पुली बसवण्याची रीत

आयटीआयमधून नवीन आलेला फिटर साध्या इंडक्शन मोटरवर पुली बसवायला शिकतो, तेव्हा त्याच्या हातात बहुधा हातोडी दिली जाते. पुली शाफ्टच्या तोंडाशी धरायची, लाकडाचा ठोकळा लावायचा आणि चार ठोक्यांत बसवून मोकळं व्हायचं. पाच हॉर्सपॉवरची साधी मोटर हे बऱ्याचदा सोसते. तीच सवय सर्व्हो मोटरवर, म्हणजे सांगितलं तेवढंच नेमकं फिरून थांबणाऱ्या मोटरवर, नेली की मोटर जाते. ती लगेच जात नाही, म्हणून दोष कुणाच्या हाताचा होता हेही कळत नाही.

हा लेख कोकणातल्या लहान-मोठ्या कारखान्यांत नव्याने सर्व्होवर काम करू लागलेल्यांसाठी आहे. लोटे-परशुराम, मिरजोळे, कुडाळ इथल्या वसाहतींत पॅकिंग मशिनं आहेत, काजू प्रक्रियेच्या युनिटमध्ये ग्रेडिंग आणि पाऊच भरण्याची यंत्रं आहेत, आंब्याच्या रसाच्या आणि मासळी प्रक्रियेच्या लाइनवर कन्व्हेअर आहेत. यातल्या बऱ्याच ठिकाणी आता सर्व्हो आल्या आहेत. मोटर बिघडली तर बदली बहुधा पुण्याहून किंवा कोल्हापूरहून येते, आणि भर पावसात कुंभार्ली किंवा आंबा घाटात दरड आली की ती कधी पोहोचेल हे कुणी सांगू शकत नाही. त्यामुळे मोटर जपून बसवणं ही इथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त मोलाची गोष्ट आहे.

आधी मोटरच्या पोटात काय आहे ते समजून घ्या

सर्व्हो मोटरच्या मागच्या झाकणाखाली एन्कोडर असतो. शाफ्ट नेमका किती फिरला हे तो ड्राइव्हला, म्हणजे मोटरला वीज देऊन चालवणाऱ्या पेटीला, सांगतो. १७ बिटचा एन्कोडर एका फेऱ्याचे १,३१,०७२ भाग मोजतो, २० बिटचा दहा लाखांहून जास्त. अनेक एन्कोडरमध्ये बारीक रेषा कोरलेली काचेची चकती असते आणि ती वाचणारा भाग तिच्यापासून अगदी थोड्या अंतरावर असतो. ही चकती थेट मोटरच्या शाफ्टवर, म्हणजे तुम्ही पुली बसवता त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकावर असते. पुढून मारलेला ठोका सरळ मागे जातो.

वाटेत बेअरिंग असतं. ठोक्याचा सगळा जोर बेअरिंगच्या छोट्या छर्ऱ्यांमधून जातो आणि छर्रे ज्या वाटेवर फिरतात तिथे बारीक खळगे पडतात. डोळ्याला दिसत नाहीत. मोटर चालू केली की व्यवस्थित फिरते. काही आठवड्यांनी घरघर सुरू होते, मग कंपन, मग एन्कोडरचा अलार्म. तोवर पुली कुणी बसवली होती हे सगळे विसरलेले असतात.

म्हणून एकच नियम मनात पक्का धरा: सर्व्होच्या शाफ्टवर चढणारी वस्तू हाताने सरकली पाहिजे, नाहीतर स्क्रूने ओढून चढवली पाहिजे. तिसरा मार्ग नाही. रबरी हातोडी, नायलॉनची हातोडी, लाकडी ठोकळा हे सगळे ठोकेच आहेत.

वीज बंद करणं म्हणजे नुसतं इमर्जन्सी बटण दाबणं नव्हे

मशिनचा मेन आयसोलेटर बंद करा, त्याला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा आणि पाटी अडकवा. त्यानंतरही ड्राइव्हच्या आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. २३० व्होल्टवर चालणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असते, ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये ५८५ च्या आसपास. ड्राइव्हवर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं. तेवढं थांबा, चार्जचा दिवा विझलेला पाहा आणि केबल सोडायची असेल तर मीटरने तपासूनच हात घाला.

अनेक ड्राइव्हना एसटीओ नावाची सुरक्षेची सोय असते. ती मोटरची ताकद काढून घेते, पण टर्मिनलवरची वीज तोडत नाही. एसटीओ लागलंय म्हणून केबलला हात लावू नका. आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते: सर्व्हो मोटरमध्ये कायमचे चुंबक असतात, त्यामुळे शाफ्ट बाहेरून जोरात फिरवला तर मोटर स्वतःच वीज तयार करते. केबलची टोकं उघडी ठेवून शाफ्ट गरगर फिरवू नका.

उभ्या दिशेने वर-खाली होणारा भाग असेल तर कपलिंग (मोटरचा शाफ्ट मशिनच्या शाफ्टला जोडणारा भाग) सोडण्याआधी त्याला खालून भक्कम टेकू द्या. मोटरमधला ब्रेक फक्त मोटरचा शाफ्ट धरतो. कपलिंग सुटलं की भार मोकळा होतो आणि खाली येतो.

शाफ्ट मोजा, बोअर मोजा, मग पुढे

मोटरच्या कॅटलॉगमधलं चित्र समोर ठेवा. प्रचलित मापांत ६० मिलिमीटर फ्लँजच्या ४०० वॉट मोटरचा शाफ्ट बहुधा १४ मिलिमीटरचा आणि ८० मिलिमीटर फ्लँजच्या ७५० वॉट मोटरचा १९ मिलिमीटरचा असतो. पण बनावटीनुसार फरक पडतो, म्हणून मायक्रोमीटरने मोजाच. व्हर्निअर इथे पुरत नाही, कारण सगळा खेळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा आहे.

शाफ्ट साधारणपणे एच ६ या लहान अक्षराच्या टॉलरन्सने घासलेला असतो. १४ मिलिमीटरचा शाफ्ट १४.००० पासून १३.९८९ पर्यंत असू शकतो, १९ चा १९.००० पासून १८.९८७ पर्यंत. कपलिंगचा बोअर, म्हणजे शाफ्ट जातो ते भोक, मोठ्या अक्षराच्या एच ७ मध्ये हवा: १४ साठी १४.००० ते १४.०१८, १९ साठी १९.००० ते १९.०२१. दोन्ही भाग या मापांत असले की कपलिंग हाताने, थोडंसं चिकटत, गुळगुळीत सरकतं. हाताला ते लगेच जाणवतं.

पुली जवळच्या लेथवाल्याकडून बनवून घेणार असाल तर त्याला नुसतं '१९ चा बोअर' सांगू नका. मोजलेलं माप आणि एच ७ हे कागदावर लिहून द्या, शेवटचा हात रीमरने मारायला सांगा आणि घेताना प्लग गेजने तपासा. बोअर घट्ट निघाला तर पुली लेथवर परत न्या. शाफ्ट पॉलिश पेपरने घासून बारीक करायचा नाही. शाफ्ट मोटरचा आहे, एकदा उतरला की उतरला. पुली पुन्हा बनवता येते.

बोअर सैल निघाला तर पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो सर्व्होवर चालत नाही. पट्टीमुळे हब, म्हणजे पुलीचा किंवा कपलिंगचा शाफ्टवर बसणारा भाग, एका बाजूला सरकतो, डगडगतो, आणि क्लॅम्पची पकड चारी बाजूंनी सारखी बसत नाही. मशीन मागे-पुढे करू लागलं की पट्टी हळूहळू बाहेर येते. अशी पुली फेकून नवी करणं स्वस्त पडतं.

शाफ्टच्या तोंडाकडे पाहा. मधोमध आटे पाडलेलं छिद्र आहे का? बऱ्याच मोटरींना, विशेषतः चावीची (शाफ्ट आणि हब यांच्यात बसणाऱ्या धातूच्या तुकड्याची) खाच असलेल्या शाफ्टना, एम ५ किंवा एम ६ चं छिद्र असतं. ते पुढे फार उपयोगी पडणार आहे.

पकड कशाची: चावी, ग्रब स्क्रू की क्लॅम्प

इंडक्शन मोटर एका दिशेने फिरत राहते. सर्व्हो मिनिटाला कित्येक वेळा थांबते, उलटते, झटका देते. ७५० वॉट, ३००० आरपीएमच्या मोटरचा रेटेड टॉर्क २.३९ न्यूटन-मीटर असतो, पण झटक्याच्या वेळी ती बहुधा तिप्पट, म्हणजे सातच्या वर जाते. कपलिंग निवडताना हा वरचा आकडा धरायचा.

चावीच्या जोडणीत चावी आणि खाच यांच्यात थोडी तरी फट असते. १४ च्या शाफ्टला ५ बाय ५ ची चावी लागते, १९ ला ६ बाय ६ ची. दर उलट फेऱ्याला चावी त्या फटीत एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटते. सुरुवातीला काही जाणवत नाही, मग खाच रुंद होत जाते, आणि मशीनची अचूकता गेल्यावर लोक ड्राइव्हचं ट्यूनिंग तपासत बसतात.

नुसता ग्रब स्क्रू, म्हणजे हबमधून शाफ्टवर टेकणारा बिनडोक्याचा स्क्रू, त्याहून वाईट. त्याचं टोक शाफ्टवर खड्डा पाडतं, खड्ड्याच्या कडेला बर, म्हणजे धातूचा बारीक उंचवटा, उभा राहतो आणि पुढच्या वेळी हब निघता निघत नाही. तिथूनच हातोडी आणि पहार यांची आठवण सुरू होते. दुसरा इलाज नसेल तर दोन स्क्रू ९० अंशांवर घ्या, एक चावीच्या डोक्यावर बसू द्या आणि दुसऱ्याच्या टोकाखाली पितळेचा लहान तुकडा ठेवा.

नवं मशीन असेल आणि निवड तुमच्या हातात असेल तर गुळगुळीत शाफ्ट आणि चिरलेला क्लॅम्प हब घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. बोल्ट आवळला की हब शाफ्टला सगळीकडून कवटाळतो, फट उरत नाही, शाफ्टवर व्रण पडत नाही. जास्त टॉर्कसाठी किंवा पुली-गिअरसाठी कोनाकृती रिंगांचा लॉकिंग एलिमेंट येतो. तो महाग आहे, पण काढता-घालता येतो आणि मध्य बरोबर धरतो. चावीची खाच असलेल्या शाफ्टवर क्लॅम्प हब वापरायचा असेल तर कपलिंगच्या कॅटलॉगमध्ये पाहून घ्या. खाचेमुळे पकडीचा टॉर्क कमी धरावा लागतो.

साफसफाई: इथे समुद्र जवळ आहे

क्लॅम्पची सगळी ताकद घर्षणातून येते. म्हणजे तेलाचा थर हा पकडीचा शत्रू. नवी मोटर खोक्यातून काढली की शाफ्टवर गंजरोधक तेल असतं. ते पुसावंच लागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ॲसिटोन स्वच्छ फडक्यावर घ्या, शाफ्टचं तोंड जमिनीकडे करा आणि पुसा. थेट शाफ्टवर फवारू नका, कारण द्रव ऑइल सीलच्या ओठाखालून आत जातो आणि बेअरिंगचं ग्रीस धुऊन काढतो. हबचा बोअरही असाच पुसा.

किनाऱ्यालगतच्या शेडमध्ये उघड्या पोलादावर मिठाचा अदृश्य थर काही दिवसांतच बसतो, आणि जून ते सप्टेंबर हवा दमट असते तेव्हा त्याच थरातून गंज फुटतो. शाफ्टवर तांबूस ठिपके दिसले तर अगदी बारीक पॉलिश पेपर किंवा नायलॉनचं घासणं घेऊन फक्त ठिपका काढा, गोल फिरवत, हलक्या हाताने. आधी ऑइल सीलभोवती चिंधी गुंडाळा, नाहीतर घासलेली भुकटी सीलच्या ओठात जाईल. मग पुन्हा मायक्रोमीटर लावा.

बर्फाच्या कारखान्यात किंवा कोल्ड स्टोरेजजवळ काम असेल तर थंड जागेतून आणलेली मोटर लगेच उघडू नका. बाहेरच्या दमट हवेत तिला घाम फुटतो. खोक्यातच काही तास राहू द्या, बाहेरच्या तापमानाला आली की काढा, पुसा, बसवा.

लॉकिंग एलिमेंटचं प्रकरण जरा वेगळं आहे. बरेच उत्पादक त्याच्या कोनांवर आणि बोल्टवर पातळ तेलाचा हलका हात मागतात. तिथे साधं मशीन ऑइल चालतं. मोलिब्डेनम डायसल्फाइड किंवा ग्रॅफाइट असलेलं ग्रीस चालत नाही, ते घर्षण इतकं कमी करतं की एलिमेंट घसरतो.

बसवणं

आधी मोटर ब्रॅकेटवर बसवा की आधी कपलिंग मोटरवर? जागा मिळत असेल तर हब आधी टेबलावर, मोटर नीट धरून बसवा. हाताला आणि टॉर्क रेंचला मोकळीक मिळते.

क्लॅम्प हबचे बोल्ट पूर्ण सैल करून तो हाताने सरकवा. अडला तर जोर करू नका. काढा, शाफ्टच्या कडेला किंवा बोअरच्या तोंडाला बर आहे का बघा, बोटाने नाही तर नखाने चाचपा, असेल तर बारीक ऑइल स्टोनने फक्त बर उतरवा. रिकाम्या क्लॅम्प हबचे बोल्ट कधीही आवळून पाहू नका. आत शाफ्ट नसताना आवळला की हब कायमचा वाकतो.

पुली किंवा गिअरचा हब चिरलेला नसेल आणि बसायला थोडा घट्ट असेल तर शाफ्टच्या तोंडातलं आटेदार छिद्र कामाला घ्या. त्या मापाचा आट्यांचा रॉड छिद्रात पूर्ण खोल फिरवा. पुली शाफ्टच्या तोंडाशी सरळ धरा, रॉडवरून जाड वॉशर सरकवा, मग नट. रॉडचं बाहेरचं टोक एका पान्याने धरून ठेवा आणि दुसऱ्या पान्याने नट हळूहळू फिरवा. नट पुलीला आत दाबतो आणि रॉड शाफ्टला बाहेर ओढतो. ओढ आणि दाब दोन्ही शाफ्ट आणि पुली यांच्यातच मिटतात, बेअरिंगपर्यंत काहीच पोहोचत नाही. हातोडी आणि या रीतीत नेमका हाच फरक आहे. वॉशरच्या खाली छोटं थ्रस्ट बेअरिंग ठेवलं तर नट आणखी सहज फिरतो.

छिद्र नसेल आणि हब अगदी थोडा घट्ट असेल तर हब तापवता येतो. १९ मिलिमीटरचा पोलादी बोअर ३० अंशांवरून १०० अंशांवर नेला तर साधारण ०.०१६ मिलिमीटरने मोठा होतो, ॲल्युमिनियमचा ०.०३ ने. तेवढी मोकळीक बहुधा पुरते. तेलाच्या भांड्यात किंवा हॉट एअर गनने सगळीकडून सारखा तापवा. गॅसची ज्योत एका बाजूला लावली तर हब वेडावाकडा फुगतो. जाड हातमोजे घाला, एका दमात सरकवा. मोटर मात्र कधीही तापवायची नाही. सील, चुंबक आणि एन्कोडर यांना ती उष्णता सोसत नाही. रबर किंवा पॉलियुरेथेनचा भाग असलेलं कपलिंगही तापवू नका.

किती आत सरकवायचं? क्लॅम्पची पूर्ण लांबी शाफ्टने भरली पाहिजे. अर्धाच शाफ्ट आत असेल तर पकडही अर्धीच. दुसरीकडे हब मोटरच्या तोंडाला किंवा सीलला टेकता कामा नये, मध्ये एक-दोन मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. आणि कपलिंगच्या आत दोन शाफ्टची टोकं एकमेकांना भिडता कामा नयेत. मशीन तापलं की शाफ्ट लांबतात. भिडलेली टोकं सगळा दाब बेअरिंगवर टाकतात.

आवळणं

टॉर्क रेंच नसेल तर हे काम पुढे नेऊ नका. उधार आणा. 'हाताच्या अंदाजाने' आवळलेला क्लॅम्प एकतर घसरतो, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो.

प्रत्येक कपलिंगच्या कागदावर बोल्टचा टॉर्क दिलेला असतो. ॲल्युमिनियमच्या हबमध्ये एम ४ च्या बोल्टला बऱ्याचदा साडेतीन न्यूटन-मीटरच्या आसपास मागतात, म्हणजे सुमारे ३६ किलो-सेंटिमीटर. पण तुमच्या कपलिंगच्या कागदावरचा आकडा हाच शेवटचा. दोन बोल्ट असतील तर आलटून पालटून, आधी निम्म्यावर, मग पूर्ण. लॉकिंग एलिमेंटला पाच-सहा बोल्ट असतात. समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे वाढवत जा आणि पूर्ण टॉर्कवर आल्यावर गोल फिरत एकेक तपासत राहा. एक आवळला की शेजारचा सैल पडतो, त्यामुळे एकही बोल्ट हलेनासा होईपर्यंत फेऱ्या घ्याव्या लागतात. घाई करणारा माणूस इथेच चुकतो.

आवळताना हब फिरू नये म्हणून हबच धरा, त्यावर सपाट बाजू असेल तर पान्याने, नसेल तर पट्ट्याच्या पान्याने. मोटरचं मागचं झाकण धरून कधीही जोर लावू नका. मोटरच्या ब्रेकलाही या कामाला जुंपू नका.

आता कोकणात वारंवार होणारी एक गोष्ट. कपलिंगचे काळे बोल्ट गंजतात, म्हणून कुणीतरी हौसेने स्टेनलेसचे बोल्ट आणून लावतं. दिसायला छान. पण क्लॅम्पमधले मूळ बोल्ट बहुधा १२.९ ग्रेडचे असतात, त्यांची ताणशक्ती सुमारे १२०० मेगापास्कल. बाजारातला साधा ए २-७० स्टेनलेस बोल्ट ७०० चा. तोच टॉर्क लावला तर तो ताणला जातो, आटे एकमेकांत अडकून बसतात आणि पकड पूर्ण मिळत नाही. गंजाची काळजी असेल तर उत्पादकाकडूनच गंजरोधक कपलिंग मागवा, किंवा आवळून झाल्यावर बोल्टच्या डोक्यावर मेणासारखा गंजरोधक थर लावा. १२.९ चे बोल्ट बाहेर झिंक करून आणणंही धोक्याचं आहे. प्लेटिंगमध्ये शिरलेल्या हायड्रोजनने असे कडक बोल्ट अचानक तुटू शकतात.

थ्रेड लॉकर लावायचं का? कपलिंगच्या कागदात सांगितलं असेल तर लॉकटाइट २४३ सारखं मध्यम ताकदीचं, एकच थेंब, फक्त आट्यांवर. बोअरमध्ये नको, आणि जॉ कपलिंगच्या दोन हबच्या दातांमध्ये बसणाऱ्या प्लास्टिकच्या चांदणीवर तर मुळीच नको, काही प्लास्टिक त्याने तडकतं.

शेवटी पेंट मार्करने एक सरळ रेघ शाफ्टवरून हबवर ओढा, आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून हबवर. ही रेघ पुढे महिनोन्महिने तुमच्यासाठी पहारा देईल.

दोन शाफ्ट एका रेषेत आणणं

ब्रॅकेटचे तोंड आधी पाहा. इथे गंजाच्या भीतीने ब्रॅकेटला जाड रंग मारतात, आणि तो मोटर बसते त्या तोंडावरही मारलेला असतो. रंगाचा उंचवटा मोटर तिरकी करतो. बसण्याच्या जागेवरचा आणि मधल्या गोल खोबणीतला सगळा रंग खरवडून काढा.

एक सोपी चाचणी: कपलिंगचे दोन्ही हब सैल ठेवून मोटर ब्रॅकेटला पक्की करा. आता कपलिंग दोन्ही शाफ्टवर बोटांनी पुढे-मागे सरकवून पाहा. शाफ्ट पाव-पाव फेरा फिरवून पुन्हा पाहा. चारही जागी तितकंच सहज सरकत असेल तर रेषा जवळपास जमली. कुठे अडत असेल तर तिथे तिरकेपणा आहे.

मग डायल गेज. मॅग्नेटिक स्टँड मोटरच्या बाजूच्या हबवर किंवा शाफ्टवर पक्का करा, सुई दुसऱ्या बाजूच्या गोल पृष्ठभागावर टेकवा, दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवा. वर, उजवीकडे, खाली, डावीकडे असे आकडे लिहा. समोरासमोरच्या दोन आकड्यांतला फरक खऱ्या सरकण्याच्या दुप्पट असतो. सुईने ०.१० दाखवलं तर शाफ्ट ०.०५ ने बाजूला आहे. बेलोज किंवा डिस्क कपलिंग किती सोसतं ते त्याच्या कॅटलॉगमध्ये असतं, पण ती शेवटची हद्द आहे. तिथवर जाऊन थांबू नका, ०.०५ च्या आत आणायचा प्रयत्न करा. शिम (खाली सरकवायची पातळ पट्टी) लागली तर स्टेनलेसची कापा. साधा पत्रा दोन पावसाळ्यांत फुगतो आणि सगळी मापं बदलतात.

पुली असेल तर बाजूचा भार

कपलिंग फक्त पिळतं. पट्टा मोटरच्या शाफ्टला बाजूला ओढतो. ४०० वॉटच्या मोटरला अनेक बनावटींत बाजूचा भार २४५ न्यूटनपर्यंत चालतो, म्हणजे २५ किलोचं वजन टांगल्यासारखा. ७५० वॉटला ३९२ न्यूटनच्या आसपास. हा आकडा शाफ्टवरच्या ठरावीक जागेसाठी दिलेला असतो. पुली टोकाकडे गेली की बेअरिंगवरचा ताण वाढतो, म्हणून पुली मोटरच्या तोंडाजवळ जितकी जाईल तितकी जवळ ठेवा.

हिशोब करून पाहा. ७५० वॉटच्या मोटरवर ४० मिलिमीटर व्यासाची पुली लावली. त्रिज्या ०.०२ मीटर. झटक्याचा ७.१ न्यूटन-मीटर टॉर्क भागिले ०.०२, म्हणजे पट्ट्यातली ओढ ३५५ न्यूटन. पट्टा आधीपासून ताणून ठेवलेला असतोच, तो ताण यात मिळवला की ३९२ ची हद्द सहज ओलांडली जाते. पुली ६० ची केली तर हीच ओढ सुमारे २३७ वर येते. टायमिंग बेल्टला दात असतात, त्याला व्ही-बेल्टसारखं कडक ताणण्याची गरज नसते.

पहिली धाव

काही कारणाने मोटर हबशिवाय रिकामी फिरवून पाहायची असेल तर शाफ्टच्या खाचेतली चावी आधी काढा. ३००० आरपीएमवर सुटलेली चावी गोळीसारखी येते.

गार्ड लावल्याशिवाय मशीन चालू करू नका. ड्राइव्हमध्ये टॉर्कची मर्यादा कमी ठेवा, ५० ते १०० आरपीएमवर जॉग करा, दोन्ही दिशांनी. कान देऊन ऐका. ठरावीक कोनात दर फेऱ्याला येणारा आवाज म्हणजे रेषा चुकलेली. उलटताना येणारा 'टक' म्हणजे कुठेतरी फट. मग वेग हळूहळू वाढवा. ऑटो ट्यूनिंग सगळ्यात शेवटी करा. हब घसरत असेल तर ड्राइव्ह कितीही हुशार असला तरी चुकीचंच शिकतो.

काही वेळ मागे-पुढे चालवून मशीन थांबवा, वीज पुन्हा नीट बंद करा आणि पेंटची रेघ बघा. शाफ्ट आणि हबवरची रेघ तुटली असेल तर हब घसरला. पुन्हा काढून पुसण्यापासून सुरुवात करा. नुसता बोल्ट आणखी आवळणं हा त्यावर उपाय नाही. पहिल्या शिफ्टनंतर एकदा टॉर्क तपासा, मग दर देखभालीला रेघच पुरते.

काढताना

बसवताना पाळलेला नियम काढतानाही तोच. दोन स्क्रू ड्रायव्हर मागून घालून हब उचकायचा नाही, त्याने मोटरचं तोंड आणि सील दोन्ही जातात. क्लॅम्पचा बोल्ट सैल करा. काही हबना उघडण्यासाठी वेगळं आटेदार छिद्र असतं, लॉकिंग एलिमेंटलाही असतात, त्यात बोल्ट फिरवला की भाग आपोआप सुटतो. घट्ट पुलीसाठी पुलर लावा. पुलरचा मधला स्क्रू शाफ्टच्या तोंडातले आटे खराब करू नये म्हणून छिद्रात आधी छोटा बोल्ट बसवा.

गंजून चिकटलेला हब असेल तर गंज सैल करणारं तेल लावा आणि वाट पाहा, लागली तर रात्रभर. मोटर शाफ्ट खाली करून टांगलेली असू द्या, म्हणजे तेल सीलकडे उतरणार नाही. घाईने तापवू नका, ठोकू नका.

पावसाळ्याआधी

मोटरवर आयपी ६५ (धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी बऱ्याच कॅटलॉगमध्ये शाफ्ट बाहेर येतो ती जागा त्यातून वगळलेली असते. ऑइल सील नसलेली मोटर मासळीच्या लाइनवर पाण्याच्या फवाऱ्यात बसवली तर पाणी तिथूनच आत जातं. अशा जागी मागवतानाच सील असलेली मोटर मागा आणि फवारा शाफ्टवर येणार नाही असा आडोसा करा.

मे महिन्यात, रसाचा हंगाम उरकला की, प्रत्येक कपलिंगचा गार्ड काढून आत डोकावा. हबच्या कडेला तांबूस भुकटी साठली असेल तर शाफ्ट आणि बोअर एकमेकांवर सूक्ष्म घासत आहेत, पकड सैल आहे. ॲल्युमिनियमच्या हबवर पांढरी भुकटी असेल तर मिठाच्या पाण्यात पोलाद आणि ॲल्युमिनियम यांचं रासायनिक भांडण चालू आहे. हब काढा, पुसा, पुन्हा बसवा आणि शाफ्टचा बाहेर उरलेला भाग गंजरोधक थराने झाका. जॉ कपलिंगची पॉलियुरेथेनची चांदणी बोटाने दाबून पाहा. गरम पाण्याने आणि दमटपणाने ती चिकट होते, तडकते. तिची एक जोडी कपाटात आणून ठेवा.

कपाटातली सुटी मोटर शाफ्टवरच्या मूळ तेलासह, गंजरोधक कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद पिशवीत ठेवा. आडवी ठेवा, शाफ्टवर भार येऊ देऊ नका, आणि पिशवीवर शाफ्टचं मोजलेलं माप, चावीची खाच आहे की नाही, आणि तोंडातल्या छिद्राचे आटे कोणते हे लिहून चिकटवा.